बोटभर जागा

टोच्या मुठीपर्यंत आत गेला तेव्हा शाळेच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी शिडीवर होते. डोक्यावर पहिल्या मजल्याची लांबलचक लाकडी गॅलरी, नाकासमोर विटांच्या भिंतीतून बाहेर आलेली नववी तुळई, आणि त्या तुळईत माझा टोच्या. टोच्या म्हणजे लाकडी मुठीचा, सुईच्या टोकाचा, वीतभर लांब दाभण. धडधाकट लाकडात अंगातला सगळा जोर लावला तरी तो नखाएवढाही शिरत नाही. इथे मी तो नुसता टेकवला होता.

बाहेरून तुळईला नाव ठेवायला जागा नव्हती. तेल पाजलेलं, वर लेप दिलेला, लेपाला चकाकी. भिंतीजवळ अंगठ्याएवढा फुगवटा दिसला म्हणून मी शिडी चढले होते, नाहीतर दर वर्षीसारखं खालून मान वर करून बघितलं असतं आणि वहीत खूण केली असती. टोच्या बाहेर ओढला तशी त्याच्यामागून तपकिरी भुकटी आली. ती ओली होती. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, तरी ओली होती. ती ओल तिथे कुणी कोंडली हे मला विचारावं लागलं नाही.

आमचा धंदा उघड्यावरचं लाकूड, वीट आणि दगड यांना ऊन-पावसापासून जपण्याचा. लोक आम्हाला रंगारी समजतात आणि मला त्याचा अजूनही राग येतो. रंगारी रंग लावतो आणि घरी जातो. आम्ही आधी ती वस्तू किती पाणी पिते ते बघतो, मग तिला काय पाजायचं ते ठरवतो. जवसाच्या तेलाचा हात कुठे, पातळ लेप कुठे, आणि कुठे काहीच न लावता गुपचूप परत यायचं, हे बाबांनी मला वीस वर्षं शिकवलं. बाबांना धंद्यातले सगळे 'डॉक्टर' म्हणतात. लाकडाला कान लावून ते ठोकतात आणि आवाजावरून आजार सांगतात म्हणून. आता वय शहात्तर, डोळ्यांना अंधुक दिसतं, गुडघ्यांनी संप केलाय, तरी वर्षाच्या पाहणीला ते माझ्या स्कूटरवर मागे बसून येतातच. घरी बस म्हटलं तर रुसतात.

बाबांचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. भिंतीत शिरणाऱ्या तुळईभोवती चारी बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडायची. भिंतीला कुठून ना कुठून ओल येतेच, म्हणायचे, आणि तुळईचं तोंड ती पितंच. पिऊ दे. वारा लागला की वाळेल. पण तोंड बांधलंस, तर ती ओल आतल्या आत बसते आणि लाकूड आतून जातं. हे ऐकायला ठीक होतं. पण त्या बोटभर जागेत कबुतरांची पिसं अडकायची, गांधीलमाश्या घर करायच्या, मुंग्यांची ये-जा चालायची. एका घरमालकाने पाहुण्यांसमोर मला विचारलं होतं, की काम अर्धंच सोडलंत का. मी हसून वेळ मारून नेली, पण मान खाली गेली. मला त्या फटीची लाज वाटायची. खरं सांगायचं तर बाबांच्या जुनाटपणाचीही वाटायची.

पाच वर्षांपूर्वी या शाळेचं काम आलं. बाबांचे गुडघे त्याच साली गेले, त्यामुळे शिडीवर मी एकटी. चौदा तुळया. चौदाही तोंडांभोवतीची फट मी नळीतल्या रबरी भरणाने बुजवली, ओलं बोट फिरवून गुळगुळीत केली आणि भिंतीवर पारदर्शक लेप दिला. इतकी देखणी रेघ आली होती की मीच खाली उतरून दोनदा बघितली. बाबांनी खालून विचारलं, "बोटभर जागा ठेवलीस ना गं?" मी म्हणाले, "ठेवली." संध्याकाळी शांतपणे सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाईंनी कामाची इतकी तारीफ केली, की सांगायचं राहून गेलं. मग राहूनच गेलं.

आणि दर वर्षी आमची ती परीक्षा. गॅलरीच्या कठड्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब पसरला आणि मुरला तर लेप मेला, नवा द्यायचा. थेंब गोल उभा राहिला तर लेप जिवंत. पाचही वर्षं थेंब ताठ उभा राहिला आणि मी पाचही वर्षं 'उत्तम' असं लिहून सही केली. पाणी बाहेरून आत जात नव्हतं हे खरंच होतं. आतलं बाहेर येत नव्हतं, हे बघायचं मला सुचलं नाही.

मी शिडी सरकवून आठवी तुळई बघितली. टोच्या मुठीपर्यंत. दहावी, मुठीपर्यंत. सातवी, अर्धा. या तुळया भिंतीतून अडीच हात बाहेर आलेल्या आणि पुढच्या टोकाला खांबाचा आधार नाही; गॅलरीचा सगळा भार भिंतीजवळच्या त्या वीतभर लाकडावर. आणि तेच वीतभर लाकूड गेलेलं.

बारा वाजता मधली सुट्टी होते. वरच्या मजल्यावर पाच वर्ग, वर्गात चाळीस मुलं, आणि पाचही वर्गांची दारं गॅलरीतच उघडतात. घंटा झाली की दोनशे मुलं एका दमात बाहेर येतात. चालत नाहीत, धावतात. कठड्यावर पोट टेकवून खालच्यांना हाका मारतात. दर वर्षी खालून ते बघताना मला आमच्या कामाचा अभिमान वाटायचा. आज मला ते बघायचं नव्हतं.

लाकडी हातोडीने मी नवव्या तुळईवर एकदा ठोकलं, खात्रीसाठी. खाली अंगणातल्या बाकावरून बाबांचा आवाज आला, "नववी का गं? आवाज बसका आला."

"काही नाही बाबा," मी म्हणाले. "लेप जरा सुटलाय."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सहज आलं. मी स्वतःची समजूत घातली, की आधी घंटा थांबवू, मुलं खाली आणू, बाबांशी मग घरी बोलू. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांचा तुटवडा पडत नाही.

शिपाई जिन्याखाली टांगलेल्या लोखंडी पट्टीपाशी बसून टोलाचा दांडा फडक्याने पुसत होता. मी त्याला सांगितलं, आज बाराची घंटा देऊ नकोस. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला सूर्य थांबवायला सांगत होते. एकोणीस वर्षांत एक मिनिट मागेपुढे झालेलं नाही, मोठ्या बाईंनी सांगितल्याशिवाय होणारही नाही, असं त्याने सुनावलं. मग जरा मऊ होऊन म्हणाला, की बाई ऑफिसात आहेत, विचारून या, अजून अर्धा तास आहे.

मोठ्या बाई काटेकोर. टेबलावर कागदाला कागद जुळवून ठेवलेला. मी धापा टाकत सांगितलं, की गॅलरीच्या तुळया भिंतीपाशी कुजल्या आहेत, मुलांना बाहेर सोडू नका. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, कपाटातून फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. पाच कागद. पाचांवर 'उत्तम', पाचांवर माझी सही, शेवटची मागच्या वर्षीची.

वर्षभरात इतकं कसं कुजलं, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण मला कळत होतं त्या कुठे चालल्या आहेत. गेल्याच महिन्यात छपराचं काम करणारा असाच घाबरवून गेला होता आणि नंतर नुसती दोन कौलं सरकलेली निघाली. माझ्यासारखी माणसं नवं काम काढायला काय काय म्हणतात, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ बघितलं होतं.

मी म्हणाले, भिंतीत ओल आहे. तर म्हणाल्या, मग त्याच भिंतीतल्या खिडक्यांच्या चौकटी कशा शाबूत? बाई हुशार होत्या. चौकटींच्या फटी मी बुजवल्या नव्हत्या, म्हणून शाबूत. हे एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. ते माझ्या घशापर्यंत आलं. मी म्हणाले, "लाकडाचं वय झालं."

त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा पस्तीस. वर्गांच्या आतल्या भिंतींमध्ये दारं आहेत, पण त्यांच्यासमोर पुस्तकांची कपाटं लावलेली. मुलांना आतून काढायचं तर ती सगळी हलवायला हवीत, हे त्यांनी मला समजावलं. नुसत्या माझ्या शब्दावर त्या दोनशे मुलांचा गोंधळ घालणार नव्हत्या. "डॉक्टरांना विचारते," त्या म्हणाल्या. "ते धोका आहे म्हणाले, तर याच मिनिटाला बंद करते."

मला एकदम हलकं वाटलं, याची आता लाज वाटते. बाबांना तुळई दाखवायची, त्यांनी मान हलवायची, घंटा थांबायची. माझं पाप निघेल तेव्हा निघेल. मी खिडकीतून बाबांना हाक मारायला वळले.

बाक रिकामा होता.

मग वरून आवाज आला. ठक. जरा थांबून, ठक. लाकडी फळीवर काठी.

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. जिना दगडी, भिंतीच्या आतून जाणारा, तो संपतो तिथे छोटा दगडी चौक, आणि चौकाच्या उंबऱ्यापासून गॅलरी सुरू. बाबा पार पलीकडे पोचले होते, नवव्या तुळईच्याही पुढे, कठड्याच्या बाजूने. काठी टेकवत, कान तिरका करून. बसका आवाज ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. गुडघे धरत धरत, जिन्याच्या पायऱ्या एकेक चढून ते स्वतः ऐकायला आले होते. मी 'काही नाही' म्हणाले होते ना, म्हणून.

"बाबा, मागे या."

"थांब गं. ऐकू दे."

"बाबा, आत्ता या."

माझ्या मागोमाग मोठ्या बाई चौकात आल्या. त्यांना माझ्या तोंडाकडे बघायला वेळ नव्हता. त्यांनी सरळ गॅलरीतल्या माणसाला विचारलं, "डॉक्टर, तुमचं काय मत? गॅलरी पक्की आहे का?"

बाबांनी काठी थांबवली. त्यांना घाई करून उत्तर द्यायची सवय नाही. भिंतीकडे बघितलं, म्हणजे जेवढं दिसतं तेवढं बघितलं, आणि म्हणाले, "आवाज बसका येतोय बाई, खोटं सांगत नाही. पण माझा कान म्हातारा झालाय. तुळयांची तोंडं मोकळी ठेवलेली आहेत. मोकळ्या तोंडाची तुळई पाच वर्षांत कुजत नसते. पोरीने स्वतःच्या हाताने केलंय काम. पक्की आहे."

आयुष्यभर त्या कानावर सगळ्या गावाने विश्वास ठेवला होता. तो कान खरं सांगत होता. आणि बाबा त्याला खोटं पाडत होते, माझ्या शब्दावर.

बाई वळल्या. प्रश्न मिटला होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तीत राग नव्हता, थोडी कीव होती. अकरा सत्तेचाळीस झाले होते. त्या जिन्याकडे निघाल्या आणि मी त्यांचा दंड धरला, आपण कुणाला धरतोय याचा विचार न करता.

"जागा नाहीये, बाबा," मी म्हणाले. मोठ्याने बोलायचं नव्हतं, वर्गांची दारं उघडी होती. "मी जागा ठेवली नाही. बुजवली."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "काय?"

"तुळयांची तोंडं. रबराने भरून टाकली. वरून भिंतीलाही लेप दिला."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही खालून विचारलंत तेव्हा भरून झाली होती."

"किती?"

"चौदाच्या चौदा."

कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते, ते तेवढे ऐकू येत राहिले.  बाबांचा चेहरा मला लांबून नीट दिसत नव्हता आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात उपकार मानले. मग त्यांनी काठी उचलून काखेत धरली. आपण कशावर उभे आहोत ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

मोठ्या बाईंना मला पुन्हा सांगावं लागलं नाही. चौकाच्या खिडकीतून वाकून त्यांनी शिपायाला एका वाक्यात सांगितलं, की घंटा द्यायची नाही. तो खालून काहीतरी म्हणाला, त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. पहिल्या वर्गाचं आणखी एक दार चौकात उघडतं, त्या दाराने त्या आत गेल्या आणि कपाट ओढल्याचा आवाज आला. चौकात मी उरले आणि गॅलरीत बाबा.

बाबा कठड्यापासून भिंतीकडे आले. एक पाऊल, मग दुसरं. भिंतीला पाठ लावली आणि आडवे सरकायला लागले, कारण भिंतीला खेटून चालणाऱ्याचा भार तुळईला कमी जाणवतो. मला त्यांनीच हे शिकवलं होतं, तेही एका पडक्या घरात, हसत हसत. दहावी तुळई. नववी. तिच्यावर आले तेव्हा फळी खचली. फार नाही, दोन बोटं. पण कठडा तेवढ्याने बाहेर झुकला आणि त्यातून करकर असा बारीक आवाज लांबवर गेला. बाबा थांबले. मी उंबऱ्यावर पाय टाकला.

"येऊ नकोस," ते म्हणाले. "दोघांचं वजन नको."

मी पाय मागे घेतला. मला रडू येत होतं आणि रडायलाही भीती वाटत होती. माझ्या हुंदक्यानेसुद्धा ती फळी हलेल असं वाटत होतं, इतकी माझी पाचावर धारण बसली होती.

आठवी. सातवी. आणि तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या दारातून एक मुलगी बाहेर आली. सात-आठ वर्षांची, हातात पाण्याची बाटली. बाई वर्गाला फळ्यावरचं लिहून घ्यायला लावत असतील, हिला तहान लागली असेल. बाबा आणि मी यांच्या बरोबर मध्ये ती उभी राहिली आणि भिंतीला चिकटलेल्या म्हाताऱ्याकडे टक लावून बघायला लागली. 

"बाळ," बाबा म्हणाले. इतक्या सावकाश, जणू दिवस त्यांच्या मालकीचा होता. "माझं एक काम करशील? आत जा, दार लाव आणि आतून कडी घाल. आणि बाईंना सांग, कुणालाही बाहेर सोडू नका."

"मला पाणी भरायचंय."

"भर. पण नंतर. आधी कडी."

तिने थोडा विचार केला. पाय आपटत गेली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ती शहाणी निघाली. दार लागलं, कडीचा खट्ट आवाज आला, आणि बाबांनी डोळे मिटून एक श्वास घेतला. मग सहावी, पाचवी, चौथी. पहिल्या तीन तुळयांवर त्यांनी काठी ठोकली, आवाज भरीव आला; तिथे ते भिंत सोडून सरळ चालले. उंबऱ्यावर मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झिडकारला नाही. धरलाही नाही.

बारा वाजले आणि घंटा झाली नाही. शिपाई पट्टीसमोर टोलाचा दांडा हातात घेऊन उभा होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. वर कपाटं सरकत होती. पाचव्या वर्गातली मुलं चौथ्यात, चौथ्यातली तिसऱ्यात, अशी एकातून दुसऱ्यात येत पहिल्या वर्गातून चौकात आणि दगडी जिन्याने खाली उतरली. त्यांना मजा वाटत होती. दोनशे मुलांनी आमच्या अंगावरून जाताना एवढा कलकलाट केला की कान बधिर झाले, आणि असा गोड कलकलाट मी त्याआधी ऐकला नव्हता. शेवटचं मूल बारा वाजून बावीस मिनिटांनी अंगणात पोचलं.

गॅलरी पडली नाही. वाकडी होऊन तशीच उभी राहिली. शिपाई नंतर कुणालातरी सांगत होता, की उगाच नाटक केलं, काही झालं नसतं. त्याच्याशी वाद घालण्याची माझी लायकी उरली नव्हती.

मोठ्या बाईंनी फाइल पुढे केली आणि मी काय केलं ते माझ्याच अक्षरात लिहायला सांगितलं. लिहिलं. फट बुजवली, वडिलांपासून लपवलं, दर वर्षी नुसता थेंब टाकून बघितला. सही केली. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. "सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या, "पण या शाळेत पुन्हा काम मागायला येऊ नका." मी मान हलवली. आदल्या दिवशी कुणी असं म्हटलं असतं तर मी आठ दिवस झोपले नसते. त्या वेळी ते मला फारसं लागलं नाही, कारण गॅलरीतून बाहेर आल्यापासून बाबा एक अक्षरही बोलले नव्हते.

ते जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. टोच्याला लागलेली भुकटी रुमालात धरली होती ती त्यांच्या तळहातावर ओतली. त्यांनी ती दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"पाच वर्षं," ते म्हणाले, "मी चारचौघांना सांगत फिरलो, माझ्यापेक्षा पोरीचा हात स्वच्छ."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर किती सोपं झालं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि विचारलं, "आणखी कुठे?"

शाळेत शिरल्यापासून या प्रश्नापर्यंत माझं मन पोचलंच नव्हतं. दोनशे मुलं, बाबा, घंटा, एवढ्यातच अडकलं होतं. आता मी पाच वर्षं मागे गेले आणि एकेक काम आठवायला लागले. दवाखान्याची मागची गॅलरी. वाचनालयाचा वरचा सज्जा. पिठाच्या गिरणीवरची माडी. नदीकाठच्या त्या जुळ्या घरांच्या दोन्ही गॅलऱ्या. शिंप्याच्या दुकानावरची. मी एकेक नाव घेतलं तसं बाबांनी एकेक बोट मिटलं, जुळ्या घरांना दोन. एक हात संपला, दुसऱ्याचं एक बोट मिटलं. तिथे ते थांबले.

"आणि धाकटीकडे?"

धाकटी म्हणजे माझी बहीण. दोन वर्षांपूर्वी तिने घर घेतलं, दुसऱ्या मजल्यावर, पुढे लाकडी गॅलरी. ते काम मी भेट म्हणून केलं होतं. चार दिवस एकटी राबले होते. बाबांनी तिला सांगितलं होतं, बघ, ताईने हात लावलाय, पन्नास वर्षं बघायला नको.

"तिच्याकडेही," मी म्हणाले. "तिच्याकडचं सगळ्यात मन लावून भरलं, बाबा. केसाएवढी फट राहू दिली नाही."

बाबांचा हात खाली आला. "फोन लाव," ते म्हणाले.

चौथ्या घंटीला तिने उचलला. फोनमध्ये वारा होता आणि ओले कपडे झटकल्याचा आवाज. "बोल ताई, पटकन बोल, हात ओले आहेत. पिल्लू इथेच खेळतंय, बादलीत हात घालतंय बघ कसं."

"त्याला उचल आणि आत जा."

"का गं? काय झालं?"

"आत जा आधी. भिंतीच्या कडेकडेने जा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तिने पुढे विचारलं नाही. बाबांनी माझं मनगट पकडून फोन स्वतःच्या कानाशी ओढला. आम्ही दोघं कानाला कान लावून ऐकत राहिलो. लाकडावर पडणारी तिची पावलं, पिल्लाची कुरकुर, पुन्हा पावलं. बाबांचे ओठ हलत होते, ते पावलं मोजत होते. मग पावलांचा आवाज बदलला, फरशीचा झाला, आणि दार लागलं.

"आले आत," धाकटी म्हणाली. "आता सांगशील का?"

मी सांगितलं. मघाशी गॅलरीच्या तोंडाशी सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत, आणि दुसऱ्या वेळी ते तसूभरही सोपं गेलं नाही.  मग तिने विचारलं, बाबांना माहीत होतं का. मी म्हणाले, नाही. तिने फोन ठेवला.

बाबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. माझ्या मांडीवरचा रुमाल त्यांनी दुसऱ्या हाताने घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता दवाखान्याला लाव."